टिटवीचा डावा पंख

पिंप्राळे, जळगाव
२० जून १९५४

चि. सुकदेव यास,

पत्राच्या माथ्यावर मोठ्या बहिणीनं आशीर्वाद लिहायचा असतो. या वेळी लिहीत नाही. मनात आहे ते सगळं खाली लिहिते, त्यातून तुला लागेल ते उचल.

तुझं कार्ड आलं. "धुळ्यास पोचलो. विमानही सुखरूप. आबांस नमस्कार. काळजी नसावी." संपलं! मी दोन दिवस एदलाबादला ताईबाईच्या नातवाच्या बारशाला काय गेले, तू माझी पाठ वळायचीच वाट बघत होतास. परत आले तर मागच्या अंगणातली पत्र्याची शेड रिकामी. जीवरामभाऊ बांधावरून ओरडून सांगतात, "अक्का, सुकदेव टिटवीले धनसिंगना ट्रकमा घाली लई गया. माले वाटनं, तुले माहीत शे!" गावात बठ्ठ्यांना माहीत, फक्त मला नाही. दोन्ही पंख म्हणे टपावर दोरखंडानं आवळून बांधले होते. माझ्या हातच्या शिवणीवर दोरखंड!

आता नीट वाच. विमान तुझ्या एकट्याचं नाही. देवळालीच्या लष्करी लिलावातून इंजिन तू आणलंस, मान्य. हवाईदलात सहा वर्षं फिटर होतास, सांगाडा कसा उभा करायचा ते तुझ्याच डोक्यात होतं, तेही मान्य. पण पंखाचं कापड कुणी बेतलं? आबांनी. "मोठी बाही शे, दुसरं काय!" म्हणाले आणि जमिनीवर खडूनं आखून मांजरपाटाचं अख्खं ठाण कापलं, एक वीत वाया घालवली नाही. आणि शिवलं कुणी? प्रत्येक बरगडीला तीन-तीन बोटांवर मेणाच्या दोऱ्याची गाठ. एका पंखाला सातशे चाळीस गाठी. माझी बोटं महिनाभर भाकरी थापताना झोंबत होती. गाव त्याला टिटवी म्हणतं, कारण ते वर गेलं की तसंच ओरडतं. ते नावसुद्धा तू दिलेलं नाहीस.

आखाजीच्या सणाचं मी मरेपर्यंत विसरणार नाही. माघापासून बोलत होतास, "अक्का, बाकीच्या माहेरवाशिणी निंबाच्या फांदीला झोके घेतील, तुला झोका मी देईन, झाडाच्या वरून." विमानात मागची बैठक त्यासाठीच केली होतीस ना? मी नवं लुगडं नेसले. वाऱ्यानं सुटू नये म्हणून पदर कमरेला दोनदा खोचला. गल्लीतल्या बठ्ठ्या बाया जीवरामभाऊंच्या पडीक रानात येऊन उभ्या राहिल्या. आणि तू कुणाला बसवलंस? तेलगिरणीवाल्या बन्सीलाल शेठला! "शेठ धुळ्याहून मुद्दाम आलेत अक्का." शेठ उतरला तेव्हा तू आभाळाकडे बघून म्हणालास, वारा चढलाय, आता उद्या.

मग मी बोलले. चारचौघांत बोलले, ते चुकलं असेल. शेठनं वेसण घातलेला बैल म्हणाले तुला. पण तू काय म्हणालास ते विसरलास का? "तू नुसती शिवणारी. शिंप्यानं अंगरखा शिवला म्हणून तो अंगरख्याचा मालक होत नाही." शिंप्याच्या पोटी जन्मून हे बोललास, आणि आबा तिथेच बसले होते.

आणखी एक. मृग लागायच्या आधी पंख उतरवायचे, स्वयंपाकघराच्या माळ्यावर कडुनिंबाच्या पाल्यात ठेवायचे आणि दिवाळीनंतरच खाली काढायचे, ही गेल्या सालापासून आपली रीत. या वर्षी उतरवलेस ते पळवायला. दिवाळीपर्यंत ते जोडू नकोस. का, ते विचारू नकोस. मी सांगते म्हणून.

भिकुबाई तोताराम शिंपी

(पूर्ण नाव मुद्दाम लिहिलं आहे.)


पिंप्राळे
५ जुलै १९५४

सुकदेव,

या वेळी दोन पानं लिहिलीस. न लिहितास तर बरं होतं.

मागची बैठक काढलीस! तिथे पत्र्याची पेटी बसवलीस, तळाला झडप, दोरी ओढली की जाहिरातीचे कागद खाली. पंधरा ऑगस्टला धुळ्यावरून उडणार आणि बन्सीलाल शेठच्या तेलाचे कागद लोकांच्या डोक्यावर टाकणार. शेपटीवर लाल रंगात शेठचं नाव, आता पंखावरही रंगवायचं आहे म्हणे. वर लिहितोस, "अक्का, तुझं नाव मी सगळ्यांना सांगतो." कुणाला सांगतोस? तेलगिरणीच्या हमालांना?

ती बैठक मी ज्या उशीनं मऊ केली होती, ती उशी तरी परत पाठव. आबांना टेकायला होईल.

आणि मृगाचा आणि विमानाचा संबंध काय, असं मला विचारतोस. "कानबाईच्या सणाचं सोवळं विमानाला लावू नकोस." बरं. मी अडाणी, मी सोवळ्याची. सातवी फायनलला तुझ्यापेक्षा बावीस मार्क जास्त मिळवलेली अडाणी. नांदायला गेले तिथे सासऱ्यानं अंगावर हात उगारला, तर दुसऱ्या दिवशी ट्रंक डोक्यावर घेऊन चालत माहेरी आले, तेव्हा तूच म्हणाला होतास, "मनी बहीण कोनले भ्यास नही!" आता शेठची मोटार बघून तुला बहिणीचं सोवळं दिसायला लागलं.

तुला अक्कल यायची तेव्हा येईल. तोवर हे ऐक. उजव्या चाकाच्या दांड्याला तडा आहे, मी पाहिलाय, रोगणाखाली झाकला गेलाय. शेपटीकडे जाणाऱ्या तारेचे दोन पदर तुटलेत. आणि मामलेदार कचेरीतून शिपाई आला होता, विमानाचा परवाना कुणाच्या नावाचा आहे विचारत होता. मी म्हटलं, मालक धुळ्याला पळालाय. परवान्याचं शेठ बघतो म्हणालास ना? मग बघू दे.

विमान परत आण. शेड झाडून ठेवली आहे.

भिकुबाई


पिंप्राळे
२४ जुलै १९५४

सुकदेव,

दांड्याचं रोगण पूर्ण खरवडून पाहिलंस. तडा निघाला नाही. तार पदर-न्-पदर तपासलीस, धडधाकट निघाली. धनसिंगला कचेरीत पाठवून चौकशी केलीस, कुणी शिपाई इकडे आलेला नाही. आणि आता लिहितोस, "यापुढे तुझं एक अक्षर खरं धरणार नाही."

हो, खोटं लिहिलं. तिन्ही गोष्टी खोट्या. मला विमान परत पाहिजे होतं आणि सरळ मागून तू देत नव्हतास. चोरून नेताना तुला लाज वाटली नाही, मग खोटं बोलताना मला का वाटावी? पण तुझं दोन दिवसांचं काम वाया गेलं आणि शेठ तुझ्यावर हसला असं लिहिलंस, ते वाचून मला जितकं बरं वाटायला पाहिजे होतं तितकं वाटलं नाही.

आबांची नजर आता पार गेली. मात्र कान तिखट आहेत. मोटारसायकल गेली तरी मान वर करतात आणि विचारतात, "टिटवी ऊनी का वं?" मी म्हणते, "नही आबा, पाऊस शे." ते म्हणतात, "पानीमा ती कसी ई?" बोलताना माझ्याकडे तोंड करतात. मला ते आवडत नाही.

इथे चार दिवस झड लागली आहे. कपाटातले कपडे ओलसर लागतात, मिठाला पाणी सुटलंय. धुळ्याला कसं आहे?

एक काम कर. विचारू नकोस, नुसतं कर. डाव्या पंखावर मधोमध टिचकी मार, मग उजव्यावर मार. दोन्हींचा आवाज कसा येतो ते लिही. कापड कुठे सैल, सुरकुतलेलं दिसतं का तेही लिही. उंदीर कुरतडतायत का बघ, झुरळं बघ. डाव्याला जास्त बघ.

हे मात्र खोटं नाही. उलट टपाली लिही.

अक्का


पिंप्राळे
३ ऑगस्ट १९५४

सुकदेव,

"दोन्ही पंख गिरणीच्या बॉयलरशेजारी भिंतीला टेकवून ठेवलेत. ढोलकीसारखे वाजतात. उजव्यापेक्षा डावाच खणखणीत. तेरा तारखेला जोडणार." असं तू लिहितोस आणि खाली लिहितोस, "झालं समाधान?"

नाही झालं. बॉयलरशेजारी तो खणखणीतच वाजणार. आता जे लिहिते ते दीड वर्ष पोटात ठेवलं होतं. ते मी आबांसोबत मसणात नेलं असतं, पण तू मला तेवढी सवड ठेवली नाहीस.

गेल्या सालचा चैत्र आठव. उजव्या पंखाला तू स्वतः डोपचे, त्या विमानाच्या रोगणाचे, सगळे हात दिलेस, मला दाखवून दिलंस कसं लावायचं, कापड कसं आवळून येतं, मग पाण्यालाही दाद देत नाही. मग तू चाकांसाठी देवळालीला गेलास. जाताना म्हणालास, "डावा तू कर अक्का. पण डबा जप, हे रोगण परत मिळायचं नाही."

मी कापडाला पहिला हात लावायला घेतला, तोच त्या वासानं आबांना भोवळ आली. त्यांना धरून बाहेर नेलं, ओट्यावर निजवलं, कांदा हुंगवला. संध्याकाळपर्यंत त्यांच्याजवळून हलले नाही. डब्याचं झाकण उघडं राहिलं. चैत्राचं ऊन, वरती पत्रा. सकाळी जाऊन पाहते तर आत खडीसाखरेसारखा गोळा. काठी रुतेना.

मी तुला घाबरले, सुकदेव. सासऱ्याला घाबरले नाही ती तुला घाबरले. तू रागावशील म्हणून नाही. "अक्कावर सोपवलं आणि वाया गेलं" असं म्हणशील म्हणून.

आबांना सांगितलं. ते म्हणाले, "सरनं ते सरनं. चिंचोकासनी खळ लाव. घोंगडी कसी ताठ व्हस, तसा पंख बी व्हई." आबांना दोष देऊ नकोस, हात माझे होते. चिंचोके भाजले, सोलले, दळले, शिजवले. खळीचे चार हात दिले, प्रत्येक हात उन्हात वाळवला. वरून तूच आणून ठेवलेला चांदी रंग. आठ दिवसांनी पंख असा आवळून बसला की मलाच नवल वाटलं. शेडमध्ये डोपचा वास यायला पाहिजे म्हणून पिकून काळी पडलेली केळ्यांची फणी आढ्याला टांगली. त्या रोगणाचा वास अगदी तसाच ना? तू आलास, नाक वर करून हुंगलंस आणि त्या फणीतली दोन केळी सोलून खाल्लीस. मग दोन्ही पंखांवर टिचक्या मारल्यास आणि म्हणालास, "अक्का, डावा माझ्यापेक्षा बरा बसलाय."

तेव्हा बोलायला पाहिजे होतं. नाही बोलले. मला बरं वाटलं होतं. जन्मात कुणी मला "माझ्यापेक्षा बरं केलंस" असं म्हणालं नव्हतं.

म्हणून मृगाची रीत. म्हणून स्वयंपाकघराचा माळा, खाली चूल पेटती. म्हणून कडुनिंबाचा पाला, कारण खळीला उंदीर-झुरळं लागतात. देवधर्म काही नव्हता त्यात. वैशाखात खळ दगड असते, श्रावणात ती पुन्हा पेज होते. वरच्या रंगानं वरून थेंब अडेल, पण आतून कापड उघडं आहे, तिथे दमट हवा शिरणारच. धुळ्यावर एका ढगातून गेलास की डावा पंख लोंबेल आणि उजवा ताठ राहील. मग काय होतं ते मी तुला सांगायचं का? तू मला सांगितलं आहेस. ब्रह्मदेशातली गोष्ट. एका बाजूचं कापड फाटून गेलेलं विमान कसं कलंडत आलं आणि त्यातून तुझ्या साहेबाला कसं काढलं.

पडताळा सोपा आहे. डाव्या पंखाला पोटाशी मी हात जाईल एवढी खिडकी ठेवली आहे, तारा बघायला. तिथून ओलं फडकं आत घाल, कापडाला आतल्या बाजूनं दाबून धर, शंभर आकडे मोज. बोट चिकट झालं तर बहीण खरी.

मला शिव्या दे, तोंड बघू नकोस, विमान जन्मभर धुळ्याला ठेव. पण पंख जोडू नकोस.

अक्का


पिंप्राळे
१० ऑगस्ट १९५४

सुकदेव,

तुझं कार्ड आत्ता पोस्टमननं हातात दिलं आणि मी उभ्या-उभ्याच लिहायला बसले. असं कुणाला वाचून दाखव, हसतील. हसू देत.

"केळ्यांची गोष्ट छान रचलीस." रचली! "मी हवाईदलात सहा वर्षं हेच काम केलं. डोप आणि खळ यातला फरक मला कळला नाही, असं तुला म्हणायचं आहे का?" होय! तेच म्हणायचं आहे! तुला कळला नाही. तू टिचकी मारलीस, फुशारलास आणि केळी खाल्लीस. हे मान्य करायला तुला इतकं जड जातंय की त्यापेक्षा मरायला तयार आहेस. दुसऱ्याच्या पंखातली खोट दहा हात लांबून काढणारा मोठा फिटर, आणि दिव्याखाली हा अंधार.

फडकं लावून बघ म्हटलं तर म्हणे, शेठनं पेंटर बोलावून पंखावर नाव घातलं आहे, ओल आतून झिरपून रंग फुगला तर शेठला काय सांगू? अरे, हेच तर मी म्हणते! डोप असतं तर ओल झिरपली असती का? स्वतःच्या हातानं लिहिलंस आणि स्वतःला वाचता आलं नाही!

"तुझी आखाजी मोडली म्हणून तुला माझा पंधरा ऑगस्ट मोडायचा आहे." हे वाक्य मी चार वेळा वाचलं. लांडगा आला रे आला म्हणून मी तीनदा खोटं ओरडले, त्याचं हे फळ. ते पाप माझं, मी नाकारत नाही. पण सुकदेव, गोष्टीतला लांडगा शेवटी खरंच येतो. शाळेत ती गोष्ट तूच पाठ म्हणून दाखवायचास.

हे पत्र मध्येच ठेवून तारही करून आले. 'डावा पंख खोटा. उडू नको. अक्का.' तारमास्तर दोनदा वर बघत होता. मी म्हटलं, लिहा तसंच.

आबांना सगळं सांगितलं. मला वाटलं रडतील. ते म्हणाले, "आपले शिंपी. कपडा खोटा निंघना तं शिंपीनी गिऱ्हाईकना घर जाईसन उसवाले पाहिजे." आणि भिंतीकडे तोंड करून झोपले. याआधी आबांनी कधी माझ्याकडे पाठ केली अशी आठवण मला नाही.

मला भाऊ एकच आहे. तो मूर्ख आहे, गर्विष्ठ आहे, शेठच्या तेलात तळून निघालाय, आणि तो मला जिवंत पाहिजे. हे याहून स्पष्ट मला लिहिता येत नाही.

अक्का


बन्सीलाल तेलगिरणी, धुळे
१४ ऑगस्ट १९५४, दुपार

सुकदेव,

हे पत्र टपालात टाकायचं नाही. विमानातल्या तुझ्या बसायच्या जागेवरूनच लिहिते आहे. कागद म्हणजे तुझ्या पेटीतली जाहिरात, मागची बाजू कोरी होती. पुढच्या बाजूला शेठ हसतोय.

आबांना जीवरामभाऊंकडे सोडलं आणि सकाळच्या पहिल्या एस.टी.नं निघाले. पारोळ्याच्या पुढे असा पाऊस लागला की ड्रायव्हरनं गाडी अर्धा तास उभी केली. मी खिडकीतून आभाळ बघत होते आणि तुला शिव्या देत होते. शेजारची बाई सरकून बसली.

दारावर पुना रखवालदार. "कोन पाहिजे बाई?" मी म्हटलं, "सुकदेव मिस्तरी." तो म्हणाला, "मिस्तरी शेठसंगे मैदान पाहाले गया. सांजले ई." मी म्हटलं, "मी त्यानी बहीण. पंख शिवाले उनू." पिशवीतली कात्री, सुया, मेणाचा दोरा दाखवला. त्यानं लगेच दार उघडलं. "मंग शिवा ना अक्का. उद्या त्याले उडनं शे." तू मला नुसती शिवणारी म्हणाला होतास. बघ, त्याच्यावरच आत आले.

पंख जोडलेले होते. काल संध्याकाळी बॉयलरपासून काढून इकडे उघड्या पडवीत आणलेत असं पुना म्हणाला. एका रात्रीची हवा. मी आधी टिचकी मारली. उजवा वाजला. डावा बसक्या घशानं बोलला. तुला तोही खणखणीतच लागला असता म्हणा.

मग फडकं ओलं करून खिडकीतून आत घातलं, तू करणार नव्हतास म्हणून. शंभर आकडे मोजायची वेळ आली नाही. साठावर बोटं चिकटली. फडकं काढलं तर बाहेरून पंखाला खळगा पडला होता, बरोबर 'बन्सीलाल'मधल्या 'ला'वर. पुनाला हात लावायला सांगितलं. तो म्हणाला, "हाई तं खळ शे!" गिरणीच्या रखवालदाराला कळलं.

एवढं दाखवून तुझी वाट बघत बसले असते. पण मी तुला ओळखते. तू म्हणाला असतास, रात्रभर बॉयलरजवळ सुकवू, सकाळी दहा मिनिटांचं तर उडणं आहे, शेठनं गावभर दवंडी दिली आहे. आणि मी रडले असते, आणि तू उडाला असतास.

म्हणून आधी विमानात बसले. मागे माझी जागा नाही, म्हणून तुझ्या जागेवर. पदर दोनदा खोचला. दांडा हातात धरला. समोर गिरणीची भिंत आणि पेंडीची पोती. बांधायला घेतल्यापासून पाच वर्षांत पहिल्यांदा बसले, सुकदेव. किती अरुंद आहे रे ते. गुडघे आपटत होते. इथे बसून तू वर जातोस आणि खाली मी, आबा, जीवरामभाऊ असे मान वर करून उभे, हे मला आत बसल्यावर कळलं. जीव घाबरा झाला, तो आधी कधी झाला नव्हता.

मग उतरले आणि कात्री घेतली.

मुळापासून टोकापर्यंत एक चीर. मग प्रत्येक बरगडीवर गाठी तोडत गेले. सातशे चाळीस मोजल्या नाहीत, पण एकही ठेवली नाही. बांधताना महिना लागला होता, तोडताना तास. रडले का? रडले. रागानंच रडले. खाली कापड पडत होतं आणि पुना धावत आला, "अक्का, हाई काय करी टाकं!" मी म्हटलं, "शिवाना आगोदर उसवनं पडस, पुना." तो शेठला बोलवायला गेला आहे, आणि मी परत तुझ्या जागेवर चढून हे लिहिते आहे. तुम्ही दोघे आता येतच असाल.

उजव्याला हात लावलेला नाही. तो तुझा आहे आणि खरा आहे. बरगड्यांना एक ओरखडा नाही, बघून घे. उद्या धुळ्यात झेंडावंदन होईल, टिटवी उडणार नाही. शेठ भांडेल. मी त्याच्याशी भांडायला बसलेच आहे. नुकसान झालं म्हणेल, तर त्याला सांग, शिंपिणीनं आपलं खोटं शिवण उसवलं, एवढंच झालं.

तुला मात्र एकच सांगायचं आहे, आणि ते तोंडावर मला सांगता यायचं नाही म्हणून लिहून ठेवते. आखाजीला तू मला नेलं असतंस, तर मी त्या डाव्या पंखाच्या भरवशावर हसत वर गेले असते, आणि तुला सांगितलं नसतं. तू नेलं नाहीस याचा राग धरून बसले, पण बसवलं असतंस तरी गप्पच राहिले असते. त्या पंखाला कधीही काही झालं असतं. हे मला इथे बसल्यावर सुचलं, आणि तेव्हापासून माझा तुझ्यावरचा राग नीट पेटत नाही. उगाच धुमसतोय.

आता मोटारीचा आवाज येतोय. दार उघडलं. तू कसा धावतोयस, पडशील.

आबांनी मांजरपाटाचं नवं ठाण हातानं चाचपून निवडून दिलं आहे, ते पिशवीत आहे. सुई-दोरा आहे. डोपचा डबा तू कुठूनही आण, दिवाळीपर्यंत वेळ आहे. झाकण मी लावीन.

अक्का